वेकला नेलेलं मसाला दूध

मी एकदा मयताच्या घरी केशरी मसाला दूध घेऊन गेले होते. अंगावर डाळिंबी सिल्कची साडी, केसांत कापडी मोगऱ्याचा गजरा, हातात मोठा थर्मास. वर दारातच हसून म्हणाले होते, काँग्रॅच्युलेशन्स. कोजागरीला दूध आटायला लागलं की आमचे हे हा किस्सा नातवंडांना सांगतात आणि ती कार्टी इंग्रजीत मला विचारतात, आजी, सीरियसली? पण हे सांगतात ती अर्धीच गोष्ट. दुधानं फार तर माझं हसं झालं. खरी चूक मी आदल्या दिवशी केली होती, भेंडी चिरता चिरता, फोनवर, दोन वाक्यांत.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. म्हणजे पोरवय म्हणून सोडून द्यावं असं काही नव्हतं. आम्ही अल खोरला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं यजमानपद कतारला मिळून तीन-चार वर्षं झाली होती, आणि गावाबाहेर जिथं उंट आणि उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या यांखेरीज काही नव्हतं, तिथं स्टेडियमसाठी खणायला सुरुवात झाली होती. हे एका कंत्राटदार कंपनीत माणसांची कागदपत्रं बघायचे. त्या काळी परदेशी नोकरदाराला देशाबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाची परवानगी लागे. एक्झिट परमिट. ते नसेल तर हातात तिकीट असलं तरी विमानतळावरून माघारी. आमच्या कंपनीत ते मंजूर करणारे एकच कतारी साहेब होते, आणि अर्ज त्यांच्यापुढं नेऊन ठेवायचं काम ह्यांचं. त्यामुळं कॉलनीत ह्यांना मान होता. ह्यांना होता त्याहून मलाच तो जास्त आहे असं मी धरून चालले होते.

शेजारच्या व्हिलात एक आयरिश जोडपं होतं. तो ह्यांच्याच कंपनीत इंजिनियर, ताडासारखा उंच, बोलायला कमी. बायको शाळेत शिकवायची. त्याची आई, ऐंशी ओलांडलेली, दोन हिवाळे त्यांच्याकडे येऊन राहिली, आणि ती माझी मैत्रीण झाली. मुलगा-सून कामावर गेले की आमच्या दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीपाशी ती खुर्ची टाकून बसायची, अलीकडं मी भाजी निवडत. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं तिला पाऊण. उरलेलं आम्ही अंदाजानं भागवायचो.

ती तिच्या गावाचंच बोलायची. आयर्लंडच्या पश्चिमेला एक रस्ता, रस्त्याच्या एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला पूल, मधे चाळीसेक घरं. एकच दुकान. त्यात पुढच्या बाजूला लोणी, खिळे आणि गमबूट, मागच्या बाजूला बिअर, आणि दुकानदारच शवपेट्या करून द्यायचा. म्हणजे माणूस त्याच्याकडं पाळण्याच्या खिळ्यांपासून शेवटापर्यंत गिऱ्हाईक. म्हातारी तिथली पोस्टमास्तरीण होती, चौतीस वर्षं. अमेरिकेतून, इंग्लंडमधून कुणाच्या पोराचं पाकीट आलं आणि कुणाचं वर्षभर आलं नाही, हे तिला आईबापांच्या आधी कळायचं. ज्यांचं आलेलं नसे त्यांच्या घरावरून ती सायकल जोरात मारायची, म्हणाली, म्हणजे त्यांना दारात उभं राहून वाट बघायला वेळच मिळू नये.

चुलीत ते लोक दलदलीतली माती जाळत. विटांसारखी कापायची, उन्हात उभी करून वाळवायची, गाडीत भरून घरी आणायची. आपल्या गोवऱ्यांचीच बहीण म्हणा ना. हे काम एकट्या घराचं नव्हे. आज सगळे मिळून तुझी कापणार, उद्या माझी, आणि ज्याची कापायची त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी म्हटलं, आमच्याकडं याला इर्जिक म्हणतात. तिनं तिच्या भाषेतला शब्द सांगितला, मी दोनदा म्हणून बघितला, दोन्ही वेळा चुकला. पाद्री वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी येऊन प्रार्थना घेई. ज्याची पाळी त्याचं घर आधी महिनाभर रंगवलं जाई, आणि शेजारीण येऊन कपाटामागं बोट फिरवून बघे. गावाबाहेर एक शेत होतं, त्यात कुणी नांगर घालत नसे. बटाटा कुजला त्या दुष्काळात मेलेली माणसं तिथं पेटीशिवाय, नावाशिवाय पुरलेली होती. ते सांगताना ती आवाज खाली करायची. अल खोरमध्ये, एवढ्या लांब.

आणि तिनं मला वेक सांगितला. दुष्काळानंतर गावातली पोरं अमेरिकेला जाऊ लागली. जाण्याच्या आदल्या रात्री त्या घरी गाव जमायचं, गाणी, नाच, खाणंपिणं, उजाडेपर्यंत. त्याला वेक म्हणायचे. तिच्या आईच्या मोठ्या बहिणीचा असा वेक झाला होता. मी मनात लिहून ठेवलं: वेक म्हणजे जाणाऱ्याला निरोपाचं जागरण. ते नाव मुळात मयताशेजारी जागायच्या रिवाजाचं, आणि अमेरिकेला गेलेला परत दिसायचा नाही म्हणून जिवंतपणीच लावलेलं, हेही तिनं सांगितलं असणार. ते माझ्या न कळलेल्या निम्म्यात गेलं.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर ती गावी परतली. पुढच्या थंडीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटलात होती. मी दर दोन दिवसांनी भिंतीवरून चौकशी करायची. सून म्हणायची, घरी जायचं एवढंच धरून बसलीय.

एका गुरुवारी सकाळी सुनेचा फोन आला. घसा बसलेला. मला वाटलं सर्दी. ती म्हणाली, "शी'ज गॉन होम. इट्स अ रिलीज, रिअली."

आता बघा. कुणी मला मराठीत सांगितलं असतं की आई गेली, सुटली बिचारी, तर मी हातातली भेंडी टाकून चपला घातल्या असत्या. तेच सगळं तिनं इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. आणि मी ऐकलं काय, तर घरी गेली, हॉस्पिटलनं सोडलं. मी म्हणाले, व्हेरी गुड. मग ती म्हणाली की नवरा उद्या संध्याकाळी गावी निघतोय, त्याआधी अडीच वाजता घरी छोटासा वेक ठेवलाय, तुम्ही यालच. मी म्हटलं, आनंदानं. हो, आनंदानं म्हटलं.

दुपारी ह्यांचा फोन. शेजाऱ्याचा परमिटचा अर्ज आलाय, कारणात लिहिलंय फॅमिली इमर्जन्सी. आता इमर्जन्सी तर सगळेच लिहितात, चुलत मेव्हण्याच्या साखरपुड्यालासुद्धा. साहेब आज लवकर उठले होते, गाडीकडं निघाले होते, आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. ह्यांनी विचारलं, मी धावत जाऊन त्यांना गाठू का? तुला काही माहितीय का, काय झालंय त्यांच्याकडं?

मला माहिती नाही असं कधी झालंय? मी ह्यांना सांगितलं, "अहो, आई हॉस्पिटलमधून घरी आलीय त्याची, उद्या तर पार्टी ठेवलीय. रविवारी करा." आणि भेंडीकडं वळले. शुक्रवारच्या विमानाचं सुनेनं सकाळीच सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात टिकलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा मसाला दूध शिरलं होतं. जागरण म्हटलं की कोजागरी, कोजागरी म्हटली की दूध. दुपारी अडीचला जागं राहण्यात कसलं आलंय जागरण, हा प्रश्न पडला होता, पण म्हटलं असेल त्यांच्यात.

शुक्रवारी मी नटून गेले. ह्यांना जेवणानंतर झोप लागली होती, म्हटलं मागून येतील. दार सुनेनं उघडलं, काळ्या झग्यात. मी काँग्रॅच्युलेशन्स म्हणून थर्मास पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी तो घेतला आणि म्हणाली, किती सुंदर. नंतर कळलं, त्यांना वाटलं हिंदूंमध्ये मयताला असंच जात असतील, मुक्ती मिळाली म्हणून.

आत दहा-बारा माणसं. भिंतीवरचं घड्याळ बंद, आरशावर चादर, बागेकडची एक खिडकी सताड उघडी आणि एसी तसाच चालू. मयताच्या घरी त्यांच्यात असं करतात, ते मला कुठलं ठाऊक. आणि टेबलावर म्हातारीचा फोटो, पुढं मेणबत्ती. भाषा कुठलीही असो, फोटोपुढची ज्योत मला वाचता येते. मी बसले. बसले म्हणजे खुर्ची मागं होती म्हणून. सून कपांतून मसाला दूध वाटत होती आणि सगळे ते गंभीरपणे पीत होते. एक जण पिस्त्याचे काप चमच्यानं बाजूला काढत होता.

मग माझं लक्ष इंजिनियरकडं गेलं. काळा सूट, टाय. बॅग दारापाशी भरून ठेवलेली. तो सारखा मोबाइल बघत होता. सून माझ्याशेजारी येऊन हळू आवाजात सांगायला लागली. अंत्यविधी उद्या दुपारी बाराला. सव्वाआठचं विमान मिळालं तरच तो पोचतो. आणि परमिट अजून आलेलं नाही, साहेबांचा फोन लागत नाही. तिनं विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी कालच दिलं असेल ना साहेबांना?"

मी म्हणाले, "हो, हो. नक्की."

दूध चुकून नेलं होतं. हे चुकून नव्हतं. हे मी घाबरून, समजून उमजून बोलले, त्या फोटोसमोर.

घरी येऊन ह्यांना हलवून उठवलं. दोन मिनिटं ह्यांना काही कळेना, मला रडू आवरेना. कळलं तेव्हा हे पलंगावर ताठ बसले आणि म्हणाले, "तू म्हणालीस रविवारी करा."

मी म्हटलं, "मी म्हणाले म्हणून तुम्ही केलंत? एरवी ऐकता का कधी माझं?"

ह्यांनी शर्ट चढवला. साहेब सुट्टीला त्यांच्या मळ्यावर असतात, अल खोरच्याही उत्तरेला, तिथं फोन लागत नाही. हे एकदा कागद घेऊन तिथं गेले होते. मला म्हणाले, तू पण चल, मी एकटा जाऊन काय सांगू त्यांना, माझ्या बायकोला इंग्रजी येतं म्हणून असं झालं?

गाडी काढली तर इंजिनियर फाटकात उभा. आम्हाला निघालेलं पाहून काय झालंय ते विचारायला आला होता. हे बोलणार होते, पण मी काच खाली केली. सगळं सांगितलं, तुटक, जसं आलं तसं: मला वाटलं तुमची आई बरी होऊन घरी आली, मीच ह्यांना सांगितलं घाई नाही, आणि मघाशी तुमच्या बायकोशी खोटं बोलले. तो ऐकत राहिला. मग वळून आत गेला. मला वाटलं गेला. तो बॅग घेऊन आला, मागचं दार उघडलं आणि बसला.

अर्ध्या वाटेत तो मागून म्हणाला, आम्हाला की स्वतःलाच, कोण जाणे, की त्यांच्या गावात पेटी गाडीतून नेत नाहीत. खांद्यावर नेतात. डोक्याकडच्या बाजूला मुलगे, आणि दोन्हीकडं उंचीला सारखे लागतात. "बहिणीचा नवरा एका बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला मी."

खांदा. हे मला कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. माझ्या वडिलांच्या वेळी माझा भाऊ मस्कतहून पोचला नव्हता, आणि शेजारच्यानं त्याच्या जागी खांदा दिला, ते आई मरेपर्यंत बोलत होती. मी पुढच्या सीटवर गजरा काढून मुठीत धरून बसले.

मळ्यावर राखणदार म्हणाला, साहेब ससाणे घेऊन वाळवंटात गेलेत, मगरिबनंतर, सूर्य मावळला की येतील, इन्शाल्ला. हे पुरुषांच्या बैठकीकडं गेले, तिथं कोणी नव्हतं. चार वाजून गेले होते. मी बायकांच्या दाराकडं गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण तोवर माझी लाज वगैरे संपली होती. आत साहेबांची आई गालिच्यावर बसून गव्हाच्या पिठाचं काहीतरी वळत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. माझ्या अरबीत चार शब्द, सगळे बाजारातले. आई म्हणजे उम्म, एवढं मला ठाऊक होतं. मरणाला काय म्हणतात ते नव्हतं. मी बाहेर गाडीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "उम्म. उम्म खलास."

खलास आम्ही भाजी संपली की म्हणतो.

साहेबांची आई हाताचं पीठ झटकून उठली. फाटकापर्यंत माझ्यासोबत आली. वाळूत काळ्या सुटात बॅगेशेजारी उभा असलेला तो उंच माणूस तिनं पाहिला. पुढं तिनं काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही, सगळं फार भराभर झालं. ती ड्रायव्हरवर ओरडली, एक मोठी गाडी हॉर्न वाजवत वाळवंटात सुटली, आणि आम्हाला तिनं पाणी आणि खजूर दिले, इंजिनियरला स्वतःच्या हातानं.

साहेब आले तेव्हा सूर्य टेकला होता. परवानगी मोबाइलवरूनच द्यायची होती, त्यांनी तो काढला. रेंज नाही. ते त्यांच्या गाडीच्या टपावर चढले, मोबाइल वर धरला, खाली आणला, परत वर धरला. आम्ही तिघं खाली माना वर करून. आकडे टाकले, चुकले, परत टाकले. सव्वापाचच्या सुमाराला परमिट इंजिनियरच्या फोनवर आलं. साहेब खाली उतरून ह्यांना हिंदीत म्हणाले, "काल मी गाडीत बसत होतो. काल का नाही बोललास?"

मी तोंड उघडलं. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझी चूक झाली, साहेब."

त्या एका वाक्यासाठी मी ह्यांचं बरंच काही माफ केलं आहे. मसाला दुधाचा किस्सा ह्यांनी जन्मभर सांगावा, मी अडवत नाही.

विमानतळाकडं जाताना वर्ल्ड कपच्या कामांनी रस्ता जागोजाग उखडलेला. काल होतं ते वळण आज नव्हतं. एका ठिकाणी आम्ही बॅरिकेडच्या दोन रांगांमध्ये शिरून परत अल खोरच्या दिशेलाच लागलो. हे स्टिअरिंगवर हात आपटत होते. आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन पाच मिनिटं झाली होती.

त्याला मध्यरात्रीनंतरच्या विमानात जागा मिळाली. त्यानं गावी पोचायला दुपारचे दोन वाजणार होते. त्यानं आमच्यासमोरच बहिणीला फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि आम्हाला म्हणाला, तुम्ही जा आता. नीट म्हणाला. ते नीट म्हणणंच मला सोसेना.

शनिवारी मी सुनेकडं जाऊन बसले. आदल्या दिवशीचे कप विसळले, थर्मास धुतला. तिलाही सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ती म्हणाली, मला माहितीय, त्यानं विमानतळावरून फोनवर सांगितलं. तिथले बारा वाजले तेव्हा आम्ही दोघी बंद घड्याळाकडं बघत होतो.

पंधरा दिवसांनी तो परतला. तीन दिवस मी अंगणात पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी तोच भिंतीपाशी आला आणि मला हाक मारली. त्यानं सांगितलं ते असं. चर्चमधली प्रार्थना एकला संपली. चर्चपासून दफनभूमी अर्धा मैल. पेटी बाहेर काढली आणि सगळ्यांत पुढं असलेल्या दुकानदारानं दफनभूमीकडं वळायच्या ऐवजी उलटं वळण घेतलं. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. तिला खांद्यावर घेऊन गाव अख्खा रस्ता आणि आजूबाजूच्या वाटा हिंडलं. पोस्टावरून, जे आता कुणाचं तरी घर आहे. बंद पडलेल्या शाळेवरून. त्या न नांगरलेल्या शेतावरून. दर घराशी खांदे बदलले, बायकांनीसुद्धा दिले. पाऊस होता. दोन वाजून गेल्यावर त्याची टॅक्सी पुलाशी आली, तेव्हा पेटी पुलावर थांबलेली होती, आणि डोक्याकडची एक जागा दुकानदाराचा मुलगा धरून होता. तो बाजूला झाला.

मी भिंतीच्या अलीकडं मान खाली घालून उभी होते. त्यानं भिंतीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "तिला गाव शेवटचं सगळं फिरून बघता आलं, ते तुमच्यामुळं. पण यापुढं माझ्याबद्दल कुणी काही विचारलं, तर एवढंच सांगा, मला माहीत नाही."